सीमेपार कलासंस्थेकडे पहिला अर्ज करण्यापूर्वी

समकालीन दृश्यकलेला पाठबळ देणाऱ्या आणि एकाहून अधिक देशांत काम करणाऱ्या संस्था आज जगभर आहेत. त्यांच्याकडे पहिल्यांदाच अर्ज करणारे बहुतेक जण शेवटच्या तारखेपासून सुरुवात करतात. चित्रं किती जोडायची, किती शब्दांत लिहायचं, पैसे किती मिळणार, एवढं पाहून कामाला लागतात. संस्थेचं ध्येय सांगणारा परिच्छेद नजरेखालून जातो, पण वाचला जात नाही. संवाद, देवाणघेवाण, नवे दुवे हे शब्द सगळीकडे सारखेच दिसतात, त्यामुळे असं होणं साहजिक आहे. तरीही माझं ठाम मत आहे की अर्जाचं निम्मं काम त्या परिच्छेदातच असतं. तो वचन म्हणून वाचायचा आणि संस्था ते वचन प्रत्यक्षात कसं पाळते याची खातरजमा करायची. असं केलं की कुठे अर्ज करायचा, कुठे नाही, अर्जात काय लिहायचं आणि करारावर सही करताना काय विचारायचं, हे बरंचसं आपोआप उलगडतं. हा लेख त्यासाठीच आहे. चित्रकार, शिल्पकार, छायाचित्रकार, व्हिडिओ करणारे, नवखे क्युरेटर म्हणजे प्रदर्शनं आखणारे, सगळ्यांना तो लागू पडेल.

पायरी १: सीमा नेमकी कोणती, ते शोधा

प्रत्येक सीमेपार संस्था कुठल्या तरी अडचणीतून जन्माला आलेली असते. ती अडचण कळली की ध्येयाचे शब्द बोलू लागतात.

नॉर्डिक देशांचं उदाहरण घ्या. हेलसिंकीच्या बंदरातून बोटीनं पाव तासावर सुओमेनलिना नावाची बेटं आहेत, त्यांवर अठराव्या शतकातला सागरी किल्ला आहे. तिथे १९७८ मध्ये नॉर्डिक कलाकेंद्र सुरू झालं आणि १९९७ मध्ये त्याची जागा 'निफ्का' या नावानं ओळखल्या जाणाऱ्या नॉर्डिक समकालीन कला संस्थेनं घेतली. पैसा नॉर्डिक मंत्रिपरिषदेचा, म्हणजे डेन्मार्क, फिनलंड, आइसलंड, नॉर्वे आणि स्वीडन या पाच देशांच्या सरकारांचा एकत्रित. आता गंमत अशी की या देशांच्या नागरिकांना एकमेकांकडे जायला १९५० च्या दशकापासूनच पासपोर्ट लागत नव्हता. मग ओलांडायचं काय होतं? लहान लोकसंख्येचा देश, मोजकी कलादालनं, मोजके समीक्षक आणि युरोपातल्या मोठ्या कलाकेंद्रांपासूनचं अंतर. एकट्या देशाला जे जमलं नसतं ते पाच जणांनी मिळून करायचं, हा त्यामागचा विचार होता. अशा संस्थेकडे जाताना 'मला परदेशात काम करायचं आहे' एवढंच सांगून भागत नाही. तुमच्या कामानं त्या संपूर्ण प्रदेशात कुठला नवा धागा जोडला जाईल, हे तिथे विचारलं जातं.

दुसऱ्या टोकाला अमेरिकेतलं सान दिएगो आणि मेक्सिकोतलं तिहुआना. या जोडशहरांमध्ये १९९२ पासून 'इनसाइट' हा उपक्रम उभा राहिला. इथली सीमा खरीखुरी आहे: कुंपण, चौक्या, तासन् तास रांगेत उभ्या मोटारी. १९९७ च्या आवृत्तीत मार्कोस रामिरेस हा कलाकार, ज्याला सगळे 'एर्रे' म्हणतात, त्यानं सान इसिद्रोच्या नाक्यावर मोटारींच्या रांगांमध्ये सुमारे दहा मीटर उंचीचा लाकडी घोडा उभा केला. पोटात सैनिक लपवून शहरात शिरवलेल्या दंतकथेतल्या ट्रॉयच्या घोड्याची आठवण करून देणारा, पण दोन तोंडांचा. एक तोंड अमेरिकेकडे, दुसरं मेक्सिकोकडे. आणि त्याचं पोट आरपार दिसणारं, आत लपायला जागाच नाही. कोण कुणाच्या घरात शिरतंय, हा प्रश्न रांगेतल्या प्रत्येक चालकाला काचेतून दिसत होता. पुढच्या आवृत्तीत, २००१ मध्ये, पोलिश वंशाचा कलाकार क्रिश्तोफ वोदिच्को यानं तिहुआनाच्या सांस्कृतिक केंद्राच्या प्रचंड गोल घुमटावर कारखान्यांत राबणाऱ्या स्त्रियांचे चेहरे थेट प्रक्षेपित केले. त्या स्त्रिया जमलेल्या गर्दीसमोर आपल्यावर झालेल्या अत्याचारांबद्दल बोलत होत्या आणि त्यांचा चेहरा इमारतीएवढा झाला होता. अशा उपक्रमाचं ध्येय वाचताना 'सार्वजनिक जागा' आणि 'दोन्ही शहरांतले रहिवासी' हे शब्द शोभेचे नसतात. स्टुडिओत बसून पूर्ण होणारं काम तिथे पाठवलं तर ते कितीही चांगलं असलं तरी बाजूला पडतं.

तिसरा प्रकार कलाकारांनी कलाकारांसाठी काढलेल्या संस्थांचा. १९८२ मध्ये ब्रिटिश शिल्पकार अँथनी कॅरो आणि संग्राहक रॉबर्ट लोडर यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या एका गावात पंधरवड्याची कार्यशाळा भरवली. ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा अशा तीन देशांचे कलाकार आले म्हणून नाव पडलं 'ट्रँगल'. प्रदर्शनाचा धाक नाही, विक्रीची घाई नाही. शेजारी शेजारी उभं राहून काम करायचं आणि एकमेकांचं पाहायचं. त्या साध्या कल्पनेतून अनेक देशांत अशा कार्यशाळा आणि संस्था उभ्या राहिल्या. दिल्लीच्या 'खोज'ची पहिली कार्यशाळा १९९७ मध्ये मोदीनगरला झाली, ढाक्याची 'ब्रिटो' २००२ मध्ये सुरू झाली. इथे सीमा आहे ती एकटेपणाची. साहजिकच अर्ज वाचणारेही कलाकारच असतात आणि तयार प्रकल्पापेक्षा तुमची काम करण्याची रीत, शेजाऱ्याबरोबर जुळवून घेण्याची तयारी याकडे त्यांचं लक्ष असतं.

चौथा प्रकार एखाद्या देशाच्या सांस्कृतिक धोरणाचा. निवासी कार्यक्रम म्हणजे कलाकारानं ठरावीक काळ तिथे राहून काम करण्याची सोय. बर्लिनमधला परदेशी कलाकारांसाठीचा असा प्रसिद्ध कार्यक्रम १९६३ मध्ये फोर्ड फाउंडेशनच्या पैशातून सुरू झाला आणि नंतर जर्मनीच्या 'डाड' या शैक्षणिक देवाणघेवाणीच्या संस्थेकडे गेला. बर्लिनची भिंत १९६१ मध्ये उभी राहिली होती, पश्चिम बर्लिन चहूबाजूंनी वेढलेलं होतं. जगातले कलाकार तिथे राहायला आणणं हा त्या शहराचा श्वास मोकळा ठेवण्याचा मार्ग होता. स्वित्झर्लंडची प्रो हेल्वेशिया किंवा जपान फाउंडेशन यांसारख्या संस्थांमध्येही आपल्या देशाची कला बाहेर नेणं हा कामाचा मोठा भाग असतो. त्यात गैर काही नाही. फक्त तुम्ही त्या देशाचे नसाल, तर त्यांच्या कुठल्या योजनेत तुम्हाला जागा आहे हे आधी पाहून घ्या, नाहीतर महिनाभराची मेहनत फुकट जाते.

पायरी २: काय ओलांडतं, आणि कुठल्या दिशेनं

हा माझ्या मते सगळ्यांत उपयोगी प्रश्न आहे. सीमा ओलांडून जातं कोण? माणूस, कलाकृती, पैसा की प्रेक्षक? आणि ती वाट दुहेरी आहे का?

संस्थेच्या गेल्या चार-पाच वर्षांतल्या कार्यक्रमांची यादी काढा. साध्या कागदावर दोन रकाने करा: कुठून आले, कुठे गेले. त्या यादीत दिशा लगेच दिसते. पाहुणे कायम एकाच बाजूनं येत असतील, निवड समिती एकाच शहरातली असेल, प्रदर्शनं एकाच देशात होत असतील, तर ध्येयात 'देवाणघेवाण' लिहिलेलं असलं तरी चाललेलं काम म्हणजे नुसतं यजमानपद आहे. तशा संस्थेकडेही खुशाल जावं, वेळ आणि जागा तिथे मिळते. पण परत आल्यावर तुमचं काम तुमच्या भागातल्या प्रेक्षकांपर्यंत पोचवायला ते मदत करतील, ही अपेक्षा तेवढी ठेवू नये.

कधी कधी माणूस ओलांडू शकत नाही, मग काम ओलांडतं. शिल्पा गुप्ता आणि हुमा मुल्जी या दोन कलाकारांनी २००० पासून चालवलेला 'आर-पार' उपक्रम मुंबई आणि कराची यांच्यामध्ये झाला. २००२ च्या फेरीत कलाकारांनी आपलं काम ईमेलनं पलीकडे पाठवलं, तिथे ते छापलं गेलं आणि रस्त्यांवर लोकांसमोर गेलं. ना पेटी, ना जकात, ना व्हिसा. मोठी इमारत आणि मोठा निधी नसतानाही सीमेपार काम करण्याचं ध्येय किती नेमकेपणानं पाळता येतं, याचं हे उदाहरण नवख्यांनी लक्षात ठेवावं असं आहे. तुमच्या प्रस्तावात प्रवासाला पर्यायी वाट सुचवलेली असेल, तर संस्था तो जास्त गांभीर्यानं घेते.

दिशेच्या प्रश्नाला आंतरराष्ट्रीय कायद्याचाही आधार आहे. सांस्कृतिक अभिव्यक्तींच्या विविधतेविषयीच्या युनेस्कोच्या २००५ च्या करारातलं सोळावं कलम विकसित देशांना सांगतं की विकसनशील देशांतल्या कलाकारांना आणि त्यांच्या कलाकृतींना झुकतं माप द्या. बऱ्याच सार्वजनिक निधीच्या अटींमागे हे कलम उभं असतं. संस्थेच्या ध्येयात त्याचा उल्लेख असेल तर अर्जात संकोच न करता त्याचा आधार घ्या. मागणं हक्काचं आहे.

पायरी ३: पैशाचा माग काढा

सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या बहुतेक संस्था वार्षिक अहवाल प्रसिद्ध करतात. तो कंटाळवाणा वाटला तरी उघडा. निधी देणारा कोण, तो किती वर्षांसाठी बांधील आहे आणि कलाकारांच्या हातात प्रत्यक्ष किती जातं, एवढ्या तीन गोष्टी पाहिल्या तरी पुरे.

मग ओपन कॉल, म्हणजे अर्ज मागवणारी जाहिरात, पुन्हा वाचा आणि पुढच्या बाबी एकेक करून तपासा: प्रवासखर्च, राहण्याची जागा, स्टुडिओ, दैनंदिन भत्ता, साहित्याचा खर्च आणि मानधन. भत्ता आणि मानधन एकच समजू नका. भत्ता जगण्यासाठी असतो, मानधन कामाचं असतं. जाहिरातीत 'आर्थिक साहाय्य' असं मोघम लिहिलेलं असेल तर सरळ पत्र लिहून विचारा. असं विचारल्यानं अर्जाचं नुकसान होत नाही, उलट तुम्ही काम गांभीर्यानं करता हे कळतं. न्यूयॉर्कमध्ये २००८ मध्ये सुरू झालेला 'वेज' हा कलाकारांचा गट याच एका मुद्द्यावर उभा आहे की कलासंस्थेनं कलाकाराला मोबदला द्यायलाच हवा. स्वीडननं तर २००९ मध्ये राष्ट्रीय पातळीवर करार करून प्रदर्शनासाठी कलाकाराला मोबदला देण्याची चौकट घालून दिली. 'तुम्हाला ओळख मिळेल' या एका वाक्यावर पदरमोड करून परदेशी जाणं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे, विशेषतः सुरुवातीच्या वर्षांत.

अर्जशुल्काबद्दलही बोलायला हवं. काही चांगल्या संस्था छाननीचा खर्च भागवण्यासाठी थोडं शुल्क घेतात. पण शुल्क घसघशीत, निवड झाल्यावर पुन्हा राहण्याचं भाडं आणि निवड समितीची नावं मात्र कुठेच नाहीत, असं दिसलं तर तो कलेला पाठबळ देण्याचा उपक्रम राहत नाही, खोल्या भाड्यानं देण्याचा धंदा होतो. शोधाशोध करायला भरवशाच्या जागा आहेत. 'रेस आर्टिस' हे निवासी कार्यक्रमांचं जागतिक जाळं १९९३ पासून चालू आहे, नेदरलँड्समधून चालणारं 'ट्रान्सआर्टिस्ट्स' निवासी कार्यक्रमांची माहिती देतं आणि 'ऑन द मूव्ह' कलाकारांच्या प्रवासासाठीच्या निधीच्या मार्गदर्शिका मोफत उपलब्ध करून देतं. याहून मोलाचा उपाय म्हणजे त्या संस्थेत राहून आलेल्या दोघा-तिघांना पत्र लिहिणं. कलाकार एकमेकांना खरं सांगतात.

पायरी ४: अर्ज त्या संस्थेचाच वाटला पाहिजे

लिहून झालेल्या अर्जातलं संस्थेचं नाव काढून दुसऱ्या संस्थेचं टाका. अर्ज तरीही चालत असेल, तर तो अजून लिहायचा बाकी आहे.

'मला दोन संस्कृतींमधला संवाद शोधायचा आहे' हे वाक्य निवड समितीसमोर ढीगभर अर्जांत येतं आणि त्यातून काहीच दिसत नाही. आता हे पाहा: 'मी बंद पडलेल्या गोद्यांमधल्या लोखंडी पृष्ठभागांवर कागद ठेवून ग्रॅफाइटनं घासचित्रं करते. तुमच्या शहरातली जुनी गोदी पाडून तिथे घरं होत आहेत. उरलेल्या लोखंडापर्यंत आणि तिथे काम केलेल्या माणसांपर्यंत पोचायला मला स्थानिक ओळख आणि दुभाषी हवा. तयार झालेली चित्रं कामगारांच्या वस्तीत आणि माझ्या शहराच्या बंदर भागात, अशी दोन्हीकडे लावायची आहेत.' यात काम दिसतं, ते तिथेच का करायचं ते दिसतं, संस्थेकडून नेमकं काय हवं ते दिसतं आणि सीमा ओलांडून काय परत येणार तेही दिसतं. ध्येयाचा एकही शब्द उसना घेतलेला नाही, तरी ध्येयाला ते थेट उत्तर आहे.

पोर्टफोलिओबद्दल थोडं सविस्तर, कारण बरेच चांगले अर्ज इथे अडकतात. दहा चित्रं मागितली असतील तर दहाच द्या आणि त्यांतली पहिली तीन सर्वांत जोरकस असू द्या, कारण पहिल्या चाळणीत परीक्षकांचा वेळ फार थोडा असतो. प्रत्येक चित्राखाली शीर्षक, वर्ष, माध्यम, मापं आणि छायाचित्र कुणी काढलं ते लिहा. मांडणशिल्प (जागेत मांडलेली कलाकृती) असेल तर एक छायाचित्र अख्ख्या दालनाचं हवं, शक्यतो कुणी माणूस उभा असलेलं, म्हणजे आकाराचा अंदाज येतो. दुसरं जवळून, पृष्ठभाग दाखवणारं. व्हिडिओ दीर्घ असेल तर तीन मिनिटांचा निवडक भाग वेगळा करून द्या, पण पूर्ण कामाची लिंकही ठेवा आणि पासवर्ड अर्जातच लिहा. फाइलचं नाव 'फायनल-नवीन-२' असं न ठेवता आडनाव आणि क्रमांक असं ठेवलं की छाननी करणारी व्यक्ती मनातल्या मनात आभार मानते.

भाषेची धास्ती घेऊ नका. साधी, छोटी वाक्यं लिहा. आधी मराठीत मनासारखं लिहून काढा, मग अर्जाच्या भाषेत न्या आणि ती भाषा रोज वापरणाऱ्या कुणाकडून वाचून घ्या. अवघड सिद्धांतांची नावं पेरल्यानं काम मोठं होत नाही. शिफारसपत्र मागायचं तर तुमचं काम प्रत्यक्ष पाहिलेल्या व्यक्तीकडे मागा, निदान तीन आठवडे आधी, आणि सोबत तुमचा प्रस्तावही द्या.

काही संस्था अर्ज घेतच नाहीत. त्यांचे सल्लागार नावं सुचवतात. तिथे वाट वेगळी: त्या संस्थेचे क्युरेटर तुमच्या भागात आले तर त्यांची व्याख्यानं, स्टुडिओभेटी चुकवू नका आणि आपलं काम दिसेल असं ठेवा.

पायरी ५: निवड झाल्यावर, माणसाचा प्रवास

निवडीचं पत्र आल्याबरोबर कॅलेंडर काढा. युरोपातल्या शेंगेन क्षेत्राचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटाचा, अल्पकालीन व्हिसा कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहू देतो. 'तीन महिन्यांचा निवासी कार्यक्रम' ऐकायला त्यात बसतो, पण १ जुलै ते ३० सप्टेंबर मोजले तर ९२ दिवस होतात, आणि पोचण्याचा व निघण्याचा दिवस दोन्ही धरले जातात. त्याआधीच्या काही महिन्यांत तुम्ही त्या क्षेत्रात एखादं प्रदर्शन पाहायला गेला असाल तर तेही दिवस वजा होतात. दोन दिवसांसाठी पुढच्या प्रवासाची दारं बंद होऊ शकतात. म्हणून संस्थेला तारखा हलवायला सांगा किंवा मुक्काम ९० दिवसांहून मोठा असेल तर त्या देशाच्या दीर्घकालीन व्हिसासाठी कागद मागा. अल्पकालीन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. पण पंधरा दिवसांवर विसंबू नका, मुलाखतीची वेळ मिळायलाच आठवडे जातात. किमान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा प्रवासी वैद्यकीय विमाही लागतो.

आमंत्रणपत्रात काय असावं, हे तुम्हीच संस्थेला कळवा: तुमचं पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव, मुक्कामाच्या तारखा, राहण्याचा पत्ता, कोणता खर्च कोण करणार आणि तुम्ही तिथे नेमकं काय करणार. मानधन मिळणार असेल तर त्या व्हिसावर ते स्वीकारता येतं का, आणि त्यावर कर कुठे कापला जाईल, हे लेखी विचारून घ्या. सीमेपार काम हेच ध्येय असलेल्या संस्थेला हे प्रश्न नवे नसतात. उत्तर द्यायला कुणी नेमलेलं असतं, आणि तसं कुणीच नसेल तर ध्येयाविषयी त्यातूनही बरंच कळतं.

पायरी ६: कलाकृतीचा प्रवास

लाकडी पेटीकडे दुर्लक्ष करू नका. आंतरराष्ट्रीय वाहतुकीच्या पेटीतलं कच्चं लाकूड कीडमुक्त केलेलं असावं लागतं. लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियस उष्णता सलग तीस मिनिटं देऊन त्यावर गव्हाच्या ओंबीच्या चिन्हाचा ठसा मारतात. ठसा नसलेली पेटी बंदरात अडकू शकते, आतलं काम कितीही मौल्यवान असो. प्लायवूडला हा नियम लागू नाही, म्हणून बऱ्याच पेट्या प्लायवूडच्या करतात, पण खालचे पाट साध्या लाकडाचे असले तर त्यांना ठसा हवाच.

प्रदर्शनानंतर काम परत येणार असेल तर 'एटीए कार्ने' हा कागद उपयोगी पडतो. १९६१ च्या जकात करारावर उभी असलेली ही व्यवस्था सुमारे ८० देशांत चालते. हमी भरली की वर्षभरासाठी कलाकृती जकात न भरता नेता-आणता येते. यादीत प्रत्येक वस्तूचं वर्णन, वजन, किंमत लिहावी लागते आणि यादीतली वस्तू तिथे विकली तर जकात आणि दंड दोन्ही लागू शकतात. शिसवीचं लाकूड, प्रवाळ, कासवाचं कवच, हस्तिदंत असं काही कामात असेल तर संकटग्रस्त प्रजातींच्या व्यापाराविषयीच्या 'साइट्स' कराराचा परवाना लागेल का ते आधी तपासा. शिसवीच्या, म्हणजे रोझवूडच्या, बहुतेक जाती २०१७ पासून त्या यादीत आहेत.

आणि स्थिती अहवाल. पेटी बंद करण्याआधी कामाची चारही बाजूंनी, कोपऱ्यांची, मागच्या बाजूची छायाचित्रं काढा, आधीच असलेला प्रत्येक ओरखडा छापील छायाचित्रावर पेननं गोल करून तारीख घाला. तिथे पेटी उघडताना संस्थेच्या माणसानं तोच कागद हातात धरून पुन्हा तपासावं आणि सही करावी, परत पाठवतानाही तसंच. नुकसान कुठल्या टप्प्यावर झालं हे विमा कंपनीला याच कागदावरून कळतं. विमा तुमच्या भिंतीवरून काम उतरल्यापासून परत तिथे पोचेपर्यंतचा आहे, की फक्त दालनातला, हे करारात पाहा.

पायरी ७: करार, आणि संस्थाच अडखळली तर

चांगल्या ध्येयाच्या संस्थाही बंद पडतात, त्यांचे प्रकल्प मोडतात. 'मॅनिफेस्टा' ही युरोपभर दर वेळी नव्या शहरात जाणारी द्विवार्षिकी, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं मोठं कलाप्रदर्शन, १९९६ मध्ये रॉटरडॅमला सुरू झाली. तिची सहावी आवृत्ती २००६ मध्ये सायप्रसची विभागलेली राजधानी निकोसियात व्हायची होती. अँटन विडोकल, माई अबु एलदहाब आणि फ्लोरियान वाल्डफोगेल या तीन क्युरेटरांनी नेहमीच्या प्रदर्शनाऐवजी तात्पुरती कलाशाळा काढायचं ठरवलं आणि तिचा एक भाग शहराच्या उत्तरेकडच्या तुर्की सायप्रियट बाजूला ठेवला. त्यावरून दक्षिणेकडच्या ग्रीक सायप्रियट यजमानांशी वाद झाला आणि जूनमध्ये, उद्घाटनाला थोडेच महिने उरले असताना, सगळं रद्द झालं. ज्या सीमेसाठी प्रकल्प आखला होता तिनंच तो अडवला. तरीही क्युरेटरांचा आग्रह मला योग्यच वाटतो. एकाच बाजूला भरलेली शाळा निकोसियात भरवण्याला अर्थ उरला नसता.

त्याच वर्षाअखेरीस निफ्काही बंद झाली. काम वाईट होतं म्हणून ती बंद पडली असं म्हणता येत नाही. २००६ मध्येच तिनं नॉर्डिक देशांच्या वसाहतवादाचा हिशेब मांडणारा प्रकल्प रेक्याविक, नूक, तोर्शहावन आणि रोवानिएमी अशा ठिकाणी नेला होता. पण मंत्रिपरिषदेनं सांस्कृतिक सहकार्याची फेररचना केली आणि पुढच्या वर्षी 'नॉर्डिक कल्चर पॉइंट' ही नवी यंत्रणा आली. सुओमेनलिनावर कलाकारांचे स्टुडिओ आजही आहेत, ते 'हियाप' हा वेगळा कार्यक्रम चालवतो. म्हणजे ध्येय एका संस्थेकडून दुसरीकडे जातं, पण मधल्या काळात ज्यांचे करार अर्धवट असतात त्यांच्या हाती काय उरतं, हे करारावर ठरतं.

म्हणून सही करण्याआधी या कलमांवर थांबा. कार्यक्रम संस्थेच्या बाजूनं रद्द झाला तर मानधनाचा किती भाग मिळेल आणि तिकिटाचे पैसे कोण देईल. पैसे कोणत्या टप्प्यांत येतील. निदान एक हप्ता निघण्यापूर्वी हातात पडावा असा आग्रह धरा. तिथे केलेलं काम कुणाचं; एखादी कलाकृती संस्थेला भेट द्यावी लागत असेल तर कोणती, हे निवडण्याचा हक्क कुणाला. छायाचित्रं संस्था कुठे आणि किती काळ वापरू शकेल. परतीच्या वाहतुकीचा खर्च कुणाचा, हे तर ठळक लिहून घ्या, कारण जाण्याच्या खर्चाची सगळ्यांना आठवण असते आणि परतीचा हमखास राहून जातो. वाद झाला तर कोणत्या देशाचा कायदा लागू, ही ओळ शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असते. ती वाचून मगच सही करा, आणि दोन्ही बाजूंच्या सह्यांची प्रत पेटी रवाना होण्याआधी स्वतःजवळ ठेवा.